कोरफडीला पाणी किती? तराजूला विचारा!

कोरफड तुम्ही बहुधा दोन ठिकाणी पाहिली असेल. काही घरांच्या आणि दुकानांच्या चौकटीवर, दृष्ट लागू नये म्हणून, कोरफडीचे रोप मुळासकट उलटे टांगलेले असते. त्याला माती नाही, पाणी नाही. तरी ते महिनोन्‌महिने हिरवे राहते. दुसरे ठिकाण म्हणजे अंगणातील किंवा गॅलरीतील कुंडी. तेथे तुळशीबरोबर कोरफडीलाही रोज सकाळी तांब्याभर पाणी मिळते. आणि पुष्कळदा असे घडते, की एके दिवशी पाने मऊ पडतात, बुडाशी पाणचट होतात आणि हात लावताच रोप मुळापासून सुटून हातात येते.

उपाशी टांगलेली जगते आणि लाडात वाढलेली मरते, हे कसे? या कोड्याचे अर्धे उत्तर वनस्पतिशास्त्रात आहे आणि अर्धे भौतिकीत. दोन्ही नीट समजले, तर एका लहानशा कुंडीत कोरफड वर्षानुवर्षे सांभाळता येते. शिवाय ती कुंडी म्हणजे केशाकर्षण आणि बाष्पीभवन शिकवणारी एक स्वस्त प्रयोगशाळाच होते.

रात्रपाळीची वनस्पती

कोरफड मूळची अरबस्तानच्या कोरड्या, खडकाळ प्रदेशातील. औषधी म्हणून माणसाने ती देशोदेशी नेली. तिच्या जाड पानाच्या आतील पारदर्शक गरात ९८ टक्क्यांहून अधिक पाणी असते. बाहेरील सालीवर मेणासारखा थर असतो. पान जाड असल्यामुळे त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग थोडा, म्हणून पाणी उडून जाण्यास वावही थोडाच.

पण एवढ्याने भागत नाही. प्रकाशसंश्लेषणासाठी वनस्पतीला हवेतून कार्बन डायॉक्साइड घ्यावा लागतो. त्यासाठी पर्णरंध्रे उघडावी लागतात आणि ती उघडली, की आतील पाण्याची वाफ बाहेर पडते. बहुतेक वनस्पती ही किंमत दिवसा, भर उन्हात मोजतात. कोरफड मात्र रात्रपाळी करते. हवा थंड झाली, की ती रंध्रे उघडते, कार्बन डायॉक्साइड आत घेते आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपाने पेशींमध्ये साठवून ठेवते. दिवस उजाडला, की दारे बंद! मग साठवलेल्या आम्लातून कार्बन डायॉक्साइड मोकळा करून सूर्यप्रकाशात ती आपले अन्न तयार करते.

या रात्रपाळीचा एक जुना दाखला भारतातलाच आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांना पानफुटीची पाने सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागतात असे आढळले. त्यांचे हे निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीने १८१५ साली प्रसिद्ध केले. रात्रभर साठलेले आम्ल दिवसा खर्च होते, हे त्यामागील कारण पुढे उलगडले. (तुम्ही मात्र पाने चाखून पाहू नका. पानफुटीत विषारी द्रव्ये असतात. प्रयोगशाळेत हे कसे तपासावे, ते शेवटी दिले आहे.)

तात्पर्य, कोरफड पाणी फार हळू खर्च करते. पाण्याची अगदीच टंचाई झाली, तर ती रात्रीही रंध्रे बंद ठेवू शकते आणि बाहेरची पाने सुकू देऊन त्यांतील पाणी मधल्या कोवळ्या पानांना पुरवते. चौकटीवर टांगलेले रोप टिकते ते असे.

कुंडीतील पाणी खाली का उतरत नाही?

आता मरणाऱ्या रोपाकडे वळू. “कुंडीला खाली भोक आहे, जास्तीचे पाणी निघून जाईल,” असे आपण गृहीत धरतो. हे खरे आहे का, ते एका साध्या प्रयोगाने पाहू.

भांडी घासण्याचा किंवा फळा पुसण्याचा आयताकृती स्पंज घ्या. पाण्यात बुडवून तो पूर्ण भिजवा. मग तो आडवा, सपाट धरून वर उचला आणि त्यातून थेंब गळणे थांबेपर्यंत वाट पाहा. आता त्याला न दाबता लांबट बाजूवर उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल! ते थांबल्यावर तो सर्वांत अरुंद बाजूवर उभा करा. आणखी पाणी गळेल. स्पंज तोच, त्यातील छिद्रेही तीच. मग मघाशी थांबलेले पाणी आता का बाहेर आले?

याचे उत्तर केशाकर्षणात आहे. पृष्ठताणामुळे पाणी बारीक नळीत गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढते आणि तेथेच टिकून राहते. नळी जितकी बारीक, तितकी ही उंची अधिक. जेम्स ज्यूरिन या इंग्लिश वैद्यकाने हा नियम १७१८ साली मांडला. काचेची स्वच्छ नळी आणि पाणी यांच्यासाठी तो असा लक्षात ठेवता येईल :

पाण्याची उंची (मिमी.) = ३० ÷ नळीचा व्यास (मिमी.)

म्हणजे १ मिमी. व्यासाच्या नळीत पाणी ३ सेंमी. चढते, अर्धा मिमी. व्यासाच्या नळीत ६ सेंमी., तर ०.२ मिमी. व्यासाच्या नळीत १५ सेंमी.

मातीच्या कणांमधील फटी म्हणजे अशाच वेड्यावाकड्या नळ्या. भोकातून पाणी बाहेर पडण्यासाठी तेथील पाण्याचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा थोडा तरी जास्त व्हावा लागतो. तो होईपर्यंत तळाच्या काही सेंटिमीटर जाडीच्या थरात पाणी अडकूनच राहते. फटी सुमारे ०.२ मिमी. रुंदीच्या असतील, तर १५ सेंमी. उंचीची कुंडी जवळजवळ तोंडापर्यंत चिंब राहील आणि तरीही भोकातून एक थेंब गळणार नाही. फटी १ मिमी. रुंदीच्या असतील, तर फक्त तळाचे ३ सेंमी. चिंब राहतील आणि वरच्या मातीत हवा खेळेल. (मातीतील फटी काही काचेच्या नळ्या नव्हेत, म्हणून हे आकडे ढोबळ समजावेत.)

आडव्या स्पंजची उंची कमी असते, म्हणून तो सबंधच चिंब राहतो. उभ्या स्पंजमध्ये चिंब थराची जाडी तेवढीच राहते, पण त्याचा तळ अरुंद असल्यामुळे एकूण पाणी कमी मावते. उरलेले गळून जाते.

चिंब राहण्यात वाईट ते काय? मुळेही श्वसन करतात. त्यांना प्राणवायू हवा. पाण्यातून प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. फटी पाण्याने भरल्या, की मुळे गुदमरतात आणि मग त्यांच्यावर बुरशी चढून ती कुजतात. कोरफड पाण्याने मरते असे आपण म्हणतो; वास्तविक ती हवेवाचून मरते.

तळाला खडी घालावी काय?

“पाण्याचा निचरा व्हावा म्हणून तळाला खडीचा जाड थर द्यावा,” असा सल्ला सर्रास दिला जातो. वरच्या हिशोबाने तो पडताळून पाहू.

बारीक मातीतील पाणी केशाकर्षणाने धरलेले असते. खडीमधील मोठ्या पोकळ्यांमध्ये ते धरण्याची शक्ती नाही. त्यामुळे मातीचा अगदी खालचा थर पूर्ण चिंब झाल्याखेरीज पाणी खडीत उतरत नाही. म्हणजे चिंब थर नाहीसा होत नाही. तो फक्त खडीच्या माथ्यावर जाऊन बसतो. समजा, कुंडीत मातीची उंची १५ सेंमी. आहे आणि चिंब थर ६ सेंमी.चा आहे. मुळांना मोकळी जागा मिळाली ९ सेंमी. आता तळाला ४ सेंमी. खडी घातली, तर माती उरली ११ सेंमी.; त्यातले ६ सेंमी. चिंब, आणि मोकळी जागा उरली अवघी ५ सेंमी.! खडीने मुळांची सोय केली नाही, उलट पाणी त्यांच्या जवळ आणले.

भोकावर एखादी खापरी पालथी ठेवावी, ती माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी. खडी घालायचीच असेल, तर तळाला थर न देता ती बारीक करून सगळ्या मातीत मिसळावी, म्हणजे फटीच मोठ्या होतील.

माती, कुंडी आणि लावणी

दख्खनच्या पठारावरील काळी माती कापसाला उत्तम, पण कोरफडीच्या कुंडीला एकटी अयोग्य. तिच्यातील चिकणमातीचे कण ०.००२ मिमी.हूनही बारीक असतात. ओली झाली, की ती फुगते; वाळली, की आक्रसून तिला भेगा पडतात. म्हणून पुढील मिश्रण करावे : दोन भाग जाड वाळू किंवा विटांचे २ ते ५ मिमी.चे तुकडे, एक भाग बागेतील माती आणि अर्धा भाग चांगले कुजलेले शेणखत. पिठाच्या जुन्या चाळणीतून खाली पडणारी वाळूची किंवा विटांची भुकटी घेऊ नये. ती मोठ्या फटी बुजवून टाकते. समुद्रकाठची वाळू खारट असते, तीही टाळावी.

कुंडी शक्यतो भाजलेल्या मातीची, १२ ते १५ सेंमी. व्यासाची घ्यावी. माठातील पाणी ज्या कारणाने थंड होते, त्याच कारणाने ही कुंडी लवकर वाळते. भिंतीतून पाणी झिरपते आणि बाहेरच्या पृष्ठभागावर त्याची वाफ होते. (३० अंश से. तापमानाला एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. ती कुंडीतून आणि भोवतालच्या हवेतून घेतली जाते.) कुंडीला बाहेरून तैलरंग दिला, तर ही छिद्रे बुजतात. गेरूने ते होत नाही. प्लास्टिकची कुंडी किंवा भोके पाडलेला डबाही चालतो, फक्त त्याची माती अधिक दिवस ओली राहते हे ध्यानात ठेवावे.

“रोप पुढे वाढणारच आहे, तर आताच मोठी कुंडी घेऊ,” असा विचार मात्र करू नये. कुंडीची सर्व मापे दुप्पट केली, तर पृष्ठभाग चौपट होतो आणि आकारमान आठपट. म्हणजे पाणी मावते आठपट, पण ते उडून जाण्यास जागा मिळते चौपटच. साहजिकच तिला वाळायला सुमारे दुप्पट वेळ लागतो. शिवाय इवल्याशा मुळांना एवढे पाणी शोषता येत नाही.

रोप मिळवणे सोपे आहे. जुन्या कोरफडीच्या बुडाशी पिल्ले फुटतात. चार-पाच पाने आलेले, बोटाएवढे किंवा त्याहून मोठे पिल्लू थोड्या मुळांसकट वेगळे करावे. ते सावलीत तीन-चार दिवस ठेवावे, म्हणजे तुटलेली जागा सुकून तिच्यावर खपली धरते. नंतर कोरड्या मिश्रणात लावून आठवडाभराने पहिले पाणी द्यावे. पानफुटीसारखे नुसते पान लावून कोरफड उगवत नाही. ते बहुधा कुजूनच जाते.

पाणी कधी द्यावे?

“आठवड्यातून एकदा” हा नियम का फसतो, ते पाहा. बाष्पीभवनाचा वेग मुख्यतः हवा आणखी किती वाफ सामावू शकेल यावर अवलंबून असतो. एप्रिलमधील दुपारी तापमान ३८ अंश से. आणि सापेक्ष आर्द्रता ३० टक्के आहे असे समजू. त्या तापमानाला संपृक्त बाष्पदाब ४९.७ मिमी. (पारा) असतो. त्याचे ३० टक्के म्हणजे १४.९; तूट राहिली ३४.८ मिमी. जुलैमध्ये तापमान २६ अंश आणि आर्द्रता ९० टक्के आहे असे समजू. संपृक्त दाब २५.२ मिमी., त्याचे ९० टक्के २२.७, तूट फक्त २.५ मिमी. दोन्ही तुटींत सुमारे चौदापट फरक! ऊन आणि वारा यांचा परिणाम वेगळाच. मग दोन्ही महिन्यांना एकच वार कसा चालेल?

म्हणून दिनदर्शिकेला विचारू नये, तराजूला विचारावे. रोप लावताना कुंडी, कोरडे मिश्रण आणि रोप यांचे एकत्र वजन करून लिहून ठेवावे. हे कोरडे वजन. पहिले पाणी भोकातून गळेपर्यंत द्यावे, गळणे थांबल्यावर पुन्हा वजन करावे. हे ओले वजन. समजा, कोरडे वजन १,४०० ग्रॅम आणि ओले १,७०० ग्रॅम भरले. म्हणजे मातीने ३०० ग्रॅम पाणी धरले. यातील नऊदशांश, म्हणजे २७० ग्रॅम पाणी उडून जाईपर्यंत थांबावे. कुंडी १,४३० ग्रॅमवर आली, की पुन्हा गळेपर्यंत पाणी द्यावे. रोप वाढले, की त्याचे वजनही यात मिसळते. म्हणून दर सहा महिन्यांनी दोन्ही वजने नव्याने ठरवावीत.

घरात वजनकाटा नसेल, तर एक मीटर लांबीची काठी मधोमध दोरीने टांगा. एका बाजूला मध्यापासून २० सेंमी.वर कुंडी टांगा आणि दुसऱ्या बाजूला १ किलोग्रॅम वजनाची पाण्याची बाटली मागेपुढे सरकवा. ती ३० सेंमी.वर असताना काठी समतोल राहिली, तर १ × ३० = कुंडीचे वजन × २०; म्हणजेच कुंडी दीड किलोग्रॅमची. काही आठवड्यांनी तर कुंडी नुसती उचलूनही तुम्हाला अंदाज येऊ लागेल.

कुंडीखाली बशी असेल, तर तिच्यात पाणी साचू देऊ नये. ते केशाकर्षणाने परत वर चढते आणि त्यात डासही अंडी घालतात.

मलूल रोपाचे निदान

येथे एक मोठा धोका आहे. मुळे कुजली, की ती पाणी शोषू शकत नाहीत. मग भोवती पाणीच पाणी असूनही पाने तहानेने मलूल होतात. पाहणाऱ्याला वाटते, पाणी कमी पडले. तो आणखी पाणी घालतो आणि रोपाचा शेवट जवळ आणतो. दोन परस्परविरुद्ध रोगांचे लक्षण एकच! निवाडा कोण करणार? पुन्हा तराजूच. पाने मलूल आणि कुंडी हलकी, तर रोप तहानलेले आहे. पाणी देताच काही दिवसांत पाने पुन्हा भरतात. पाने मलूल आणि कुंडी जड, तर मुळे गुदमरली आहेत. अशा वेळी रोप लगेच बाहेर काढावे, काळी, मऊ मुळे स्वच्छ सुरीने कापावीत, चार दिवस सावलीत सुकवावे आणि कोरड्या मिश्रणात पुन्हा लावावे.

पाने लांबट, फिकट होऊन आडवी पडली, तर उजेड कमी आहे. भर दुपारी उघड्यावर प्रकाशाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स असते. घराच्या आतील कोपऱ्यात ती काहीशे लक्ससुद्धा नसते. आपल्या डोळ्यांना हा फरक एवढा जाणवत नाही, रोपाला जाणवतो. मात्र सावलीतील रोप एकदम उन्हात ठेवले, तर पाने तांबूस-तपकिरी होतात. रोज थोडा वेळ वाढवत दोन आठवड्यांत त्याला उन्हाची सवय करावी. पावसाळ्यात कुंडी पागोळीखाली ठेवू नये. निफाड, महाबळेश्वर यांसारख्या ठिकाणी कडाक्याच्या थंडीत ती रात्री घरात घ्यावी. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने तो पुसून काढावा.

आणि एक सूचना : कोरफडीचे पान कापले, की सालीलगतच्या भागातून पिवळा, कडू चीक येतो. तो वाळवला, की काष्ठौषधीत वापरला जाणारा काळा बोळ तयार होतो. तो तीव्र रेचक आहे. म्हणून कोरफड स्वतःच्या मनाने पोटात घेऊ नये.

करून पाहा

१. मातीची एक आणि प्लास्टिकची एक, अशा सारख्या आकाराच्या दोन कुंड्या घ्या. दोहोंत सारखेच मिश्रण भरून, रोप न लावता, गळेपर्यंत पाणी द्या. रोज ठरावीक वेळी वजन करून आलेख काढा. आलेख आधी जवळजवळ सरळ रेषेत उतरतो आणि पुढे सपाट होत जातो. असे का होत असेल? दोन्ही आलेख केव्हा वळतात?

२. हाच प्रयोग एप्रिलमध्ये आणि जुलैमध्ये करून पाहा. वरील चौदापट तुटीचा परिणाम प्रत्यक्षात कितपट दिसतो? फरक पडला, तर त्याची कारणे शोधा.

३. (शिक्षकांच्या देखरेखीखाली) पानफुटीची पाच ग्रॅम पाने सूर्योदयाच्या सुमारास तोडून लगेच ५० मिली. पाण्यात उकळा, वाटा व गाळा. फिनॉल्फ्थॅलिन घालून सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करा. त्याच रोपाच्या पाच ग्रॅम पानांवर संध्याकाळी हीच कृती करा. अल्कली कोणत्या वेळी जास्त लागते? ते रोप आदल्या रात्री बंद, हवाबंद पेटीत ठेवले असते, तर सकाळचे उत्तर बदलले असते का?

४. एकाच आकारमानाच्या दोन कुंड्या आहेत : एक उंच व अरुंद, दुसरी उथळ व पसरट. दोहोंत एकच मिश्रण आहे. पाणी दिल्यानंतर कोणती कुंडी अधिक पाणी धरून ठेवील? आधी स्पंजचा प्रयोग आठवून उत्तर लिहा, मग तराजूवर तपासा.